शकूच्या ढगातून मी गाळलेला शब्द

शकू, तुझ्या शोकसभेत मला मळमळलं. हे तुलाच सांगते, कारण बाकी कुणाला सांगितलं तर म्हणतील, दुःखानं झालं असेल, उन्हानं झालं असेल. तसं काही नव्हतं. मला किळस आली होती.

धाराशिवातला तो हॉल तू पाहिला आहेस. खुर्च्यांना आदल्या दिवशीच्या लग्नातली कव्हरं तशीच होती, माझ्या खुर्चीच्या पाठीवर श्रीखंडाचा डाग होता. दारात तुझा फ्लेक्स. तुझा फोटो आधार कार्डावरचा मोठा केलेला, त्यामुळे तू कुणावर तरी वैतागल्यासारखी दिसत होतीस. खाली फ्लेक्स लावणाऱ्यांचे आठ फोटो, सगळे हसरे. मी पदर नाकाला लावून बसले. लोकांना वाटलं रडते आहे.

मग तो तरुण शिक्षक उभा राहिला, नव्या जाकिटातला. म्हणाला, "शब्दमेघ ही मॅडमची आवडती पद्धत. आज आपण मॅडमना शब्दमेघातूनच आदरांजली वाहणार आहोत. पडद्यावरचा चौकोन मोबाइलनं स्कॅन करा आणि मॅडमविषयी एक शब्द पाठवा. उदाहरणार्थ, शिस्तप्रिय. मनमिळाऊ."

'उदाहरणार्थ' ऐकलं आणि मी डोळे मिटले. तूही मिटले असतेस.

उघडले तेव्हा पडद्यावर दाराएवढा 'शिस्तप्रिय' उभा होता. त्याच्या खाली 'मनमिळाऊ'. कोपऱ्यात, बऱ्यापैकी मोठ्या अक्षरात, 'ओके', कारण चारपाच जणांनी यंत्र चालतंय का हे बघायला तेवढंच पाठवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, शकू.

माझ्या शेजारी तुझ्या शाळेतले मोरे गुरुजी होते. ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "शिस्तप्रिय? ही बाई कधी घंटंला वर्गात हुती का?"

"मग तुम्ही काय पाठवलंत, गुरुजी?"

त्यांनी मोबाइलकडे पाहिलं. "शिस्तप्रिय."

"का?"

"म्होरं तेच दिसत हुतं की. तेच दाबलं."

मी काहीच पाठवलं नाही. माझ्याजवळ एक शब्द होता, पण तो तिथं पाठवण्यासारखा नव्हता. त्याच्याविषयीच लिहायचं आहे. तिथपर्यंत यायला मला वेळ लागेल, कारण नऊ वर्षं मी त्याला वळसा घालून चालत गेले आहे.

हे लिहिते तुला, पण पाठवणार आहे मेलबर्नला, रेवा आणि ईशानला. त्यांच्यासाठी तू 'ढगवाली आजी'. दोघं मराठी वाचतात, ओळीखाली बोट धरून का होईना, वाचतात. म्हणून तुला माहीत असलेलंही त्यांना कळेल असं नीट सांगते. नीट सांगण्याची सवय माझी. तिच्यावर तू किती हसलीस ते आठवतं.

मुलांनो, शकूआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. मी धाराशिवला हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, ती ढोकीच्या पुढं एका लहान प्राथमिक शाळेत. एकदा ती कुठल्याशा प्रशिक्षणाला गेली आणि तिथं पडद्यावर तिनं वर्ड क्लाउड पाहिला. वर्गातले सगळे एकेक शब्द देतात. जो शब्द जास्त जणांचा, तो मोठा दिसतो, जो एकट्याचा, तो बारीक. संगणक हे क्षणात करतो. हिच्या शाळेतला संगणक मात्र कापडाखाली झाकलेला असायचा आणि त्याला दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू पुढच्या दसऱ्यापर्यंत तसंच असायचं. म्हणून ही खडूनं फळ्यावर ढग भरायला लागली.

तुझी पद्धत मला पहिल्या दिवसापासून गलिच्छ वाटली, शकू. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या, बिस्किटांचा गंजका डबा. चिठ्ठी लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मी विचारलं, बोलू का देत नाहीस, तर म्हणालीस, "एक जण बोलला की बाकीचे त्येचंच लिवतेत, वहिनी. मंग त्यो ढग न्हाय, त्या एकट्याचा भोंगा हाय." मग डबा उपडा करायचा आणि मोजायचं. एकाचा शब्द बोटभर, पाच जणांचा मूठभर, दहाच्या वर गेला की वीतभर. पोरं फळ्याला बोट, मूठ, वीत लावून माप घ्यायची आणि तू तेवढा शब्द लिहायचीस, वाकडातिकडा. तुझं अक्षर भयंकर होतं. आणि तास सुरू व्हायचा तो बारक्या शब्दापासून. "ह्यो कुणाचा? ये, सांग." ज्याचा त्यानं पुढं येऊन सांगायचं, मोठ्या शब्दाची पाळी कधी यायची, कधी यायचीच नाही. शेवटी घरी जाताना प्रत्येकानं आपापल्या शब्दाला हात लावून जायचं.

तो हात लावण्याचा प्रकार मी दाराशी उभी राहून पाहिला. मधल्या सुट्टीत ऊस खाल्लेली पोरं, हातांना रस, त्यावर खडूची भुकटी, फळ्यावर नुसता लगदा. बाहेरून कारखान्याच्या मळीचा वास येत होता. तू पदरानं फळा पुसलास आणि त्याच पदरानं एका पोरीचं नाक पुसलंस. मला ओकारी यायची बाकी राहिली. मी पर्समधला कागदी साबण काढून नळावर दोनदा हात धुतले, फळ्याला शिवले नव्हते तरी. तू खिडकीतून बघत होतीस.

"वहिनी, त्यो साबण पोरास्नी द्या. तुमचे हात धुऊन धुऊन भिताडासारखे झालेत."

मी चिडले. वादही झाला, ढोकीच्या स्टँडवर, एसटीची वाट बघताना. मी म्हटलं, मोजणं म्हणजे शिकवणं नव्हे. चाळीस मुलांनी 'आई' लिहिलं म्हणून त्यांना आईविषयी काय कळलं? तू म्हणालीस, "काय बी न्हाय. म्हणून तर म्या बारक्यापासनं सुरू करते." हे उत्तर मला तेव्हा पळवाट वाटलं. शोकसभेत पडद्यावरचा दाराएवढा 'शिस्तप्रिय' पाहिल्यावर पटलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, वहिनी, लई उशीर केला.

पण तुझं एकदा मी मनापासून मानलं होतं, तेही इथं लिहिते. मुलं सुट्टीला आली होती. ईशान मराठी बोलायचा नाही, नुसतं 'हो' आणि 'नको'. तू गच्चीवर कोळशानं ढग काढलास, विषय दिलास 'धाराशिव', आणि त्याच्या चिठ्ठीत निघालं 'धूळ'. मला लाज वाटली, आपलं गाव म्हणजे धूळ. तू मांडी घालून खाली बसलीस आणि म्हणालीस, "सांग की रे, कसली धूळ?" तो अर्धा तास बोलला. एसटीच्या काचेवरच्या धुळीत त्यानं कुत्रं काढलं होतं, ते कंडक्टरनं पुसलं, मग कंडक्टरनंच बोटानं मांजर काढून दिलं. अडखळत, चुकत, पण मराठीत. माझ्या नातवाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. गच्ची धुवायला पाणी आणायला खाली गेले.

आता ती गोष्ट.

तुझ्या शाळेत आदर्श पाठ होता. आसपासच्या शाळांचे शिक्षक येणार, साहेब येणार. तू ढग फळ्याऐवजी तक्त्यावर करायचा ठरवलंस, आणि तुझं अक्षर तुला माहीत होतं. माझ्याकडे धाराशिवला चिठ्ठ्यांचा डबा घेऊन आलीस. "वहिनी, तुमचं अक्षर लई देखणं. एवढं करून द्या." विषय होता 'माझं घर'.

मी जेवणाचं टेबल पुसून घेतलं, पट्टी आणि पेन्सिल घेऊन चौकट आखली, चिठ्ठ्यांच्या गड्ड्या लावल्या. 'आई' सगळ्यांत वर. मग भाकरी, अंगण, टीव्ही, आजी, शेळी. तळाशी एकेकट्या चिठ्ठ्या. त्यात एकीवर लिहिलं होतं, 'दगड'. खाली नाव होतं पूजा. तू हसत सांगितलंस, ऊसतोडीच्या टोळीतली पोर आहे, बीडकडची, हंगामापुरती शाळेत येते, कारखान्याजवळच्या कोपीत राहते. कोपी म्हणजे पाल्याची खोपटी, मुलांनो. पूजानं तुला सांगितलं होतं, तिची आई गावाकडून चुलीचे तीन दगड गाडीत घालून आणते. कुठंही उतरलं की आधी ते मांडायचे. "दगडं मांडले की घर," असं ती म्हणाली होती. तुला ते इतकं आवडलं होतं की तू मला दोनदा सांगितलंस.

तू गेल्यावर मी तक्ता पुरा केला. 'दगड' घातला नाही.

तुला मी सांगितलं, जागा नव्हती. स्वतःलाही नऊ वर्षं तेच सांगितलं, की एकेकदा आलेले शब्द गाळले, नियम होता. खोटं आहे. 'तुळस' एकदाच आलं होतं, ते मी घातलं. 'रांगोळी' एकदाच आलं होतं, तेही घातलं, दोन रंगांत. 'दगड' मला घाण वाटला. साहेब येणार, पन्नास माणसं बघणार, आणि 'माझं घर'च्या खाली 'दगड', ही कुठली शाळा म्हणतील असं मनात आलं. ती चिठ्ठी मी कचऱ्यात टाकली आणि मग हात धुतले.

पाठाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसले होते. तक्त्याची तारीफ होत होती. तू मुलांना म्हणालीस, आपापल्या शब्दाला हात लावा. मुलं आली, गेली. पूजा तक्त्यासमोर उभी राहिली आणि हात वर धरून शोधायला लागली. हात इकडं जायचा, तिकडं जायचा, कुठंच टेकायचा नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मांडीवरच्या रुमालाची घडी घातली.

साहेबांनी विचारलं, "काय झालं बाळ?"

"माझं सापडंना," ती म्हणाली.

"असू दे. त्या मोठ्याला लाव. आईला लाव हात."

तिनं 'आई'वर हात ठेवला. कुणीतरी फोटो काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शकू, माझ्याही आलं. हे लिहिताना मला स्वतःचीच शिसारी येते आहे, पण खरं आहे. त्या पोरीचं घर मी माझ्या हातानं कचऱ्यात टाकलं होतं आणि ती 'आई'ला हात लावते म्हणून मीच गहिवरले होते. तो फोटो तू मला दिलास तेव्हा मी तो शोकेसमध्ये ठेवला. दोन वर्षं तो तिथं होता.

संध्याकाळी स्टँडवर तू एवढंच विचारलंस, "वहिनी, दगड कुठं गेला?"

"जागा नव्हती."

"फळ्यावर जागा नसली तर म्या भिताडावर लिवते."

"साहेबांसमोर घर म्हणून दगड दाखवायचा का, शकू?"

"तिचं घर हाय त्ये."

मग एसटी आली आणि मी चढले. खिडकीतून तू म्हणालीस, "अक्षर मातर लई देखणं आलंय." ते टोचून बोललीस की खरंच, हे मी आजवर ठरवू शकले नाही. पुढं दोन आठवड्यांनी मी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, ती पोर येते का. तू म्हणालीस, टोळी हालली. मला सुटल्यासारखं वाटलं. शाळा माझ्यामुळे सुटली नाही, टोळी हालली म्हणून सुटली. मग आपण संक्रांतीच्या तिळगुळावर बोलायला लागलो.

परवा, तेराव्यानंतर, तुझं घर आवरायला गेले. शेजारची सुमन मदतीला होती. तुझ्या घरात काय काय निघालं ते लिहीत नाही. डब्यांतल्या डाळींना किडे, फडताळात उंदरांच्या लेंड्या, चष्म्याच्या चार मोडक्या काड्या एका पुडीत. नाकाला रुमाल बांधून सगळं खोक्यांत भरत होते आणि मनात तुझ्यावर चिडत होते. कपाटावरून सुमननं एक लांब गुंडाळी काढली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली.

"वहिनी, ह्ये रद्दीत टाकू का?"

मी उलगडली. माझा तक्ता होता. माझी चौकट, माझी अक्षरं, रंग अजून ताजे. आणि त्यावर, तळापासून मधोमध तिरका, कोळशानं लिहिलेला 'दगड'. बोटभर नाही, वीतभर. लहान मुलाच्या हातचा, 'तुळस' आणि 'रांगोळी'वरून आडवा गेलेला. शेजारी काजळी लागलेल्या बोटांचे ठसे, बारीक बारीक, पाचही बोटांचे.

सुमन जवळ येऊन बघायला लागली. "ह्यो त्योच हाय व्हय. बाई घिऊन गेल्या हुत्या कोप्यांवर, पाठ झाला त्येच्या दुसऱ्याच दिशी. म्या संगं हुते. त्या पोरीला म्हणल्या, घे, तूच लिव, लागंल तेवढं मोठं लिव. तिच्या आईनं चुलीतला कोळसा दिला."

"मग पोर शाळेत आली?"

"आली की. टोळी हालंपतुर येत हुती. रोज पयली."

मी खाली बसले. त्या घाणीतच बसले. विचारलं, "मला का नाही सांगितलं हिनं?"

सुमन लुगड्याच्या तुकड्याची घडी करू लागली. "म्या इचारलं हुतं. बाई म्हणल्या, वहिनीला सांगू नगं. त्येंच्या अक्षरावर रेघा वढल्यात, त्येंला वाईट वाटंल."

शकू, शोकसभेतली किळस या एका वाक्यापुढं काहीच नव्हती. तू माझ्यावर चिडून गप्प बसली असतीस तर मला चाललं असतं. तू मला शिक्षा केली असतीस तरी चाललं असतं. पण तू मला जपलंस. पोरीचं घर परत मिळालं हे ऐकून मला बरं वाटेल असं तुझ्या मनातही आलं नाही. माझं अक्षर खराब झालं याचं मला वाईट वाटेल, हे मात्र लगेच आलं. तीस वर्षं एका ताटात जेवून तुला मी एवढीच कळले. आणि राग कशाचा येतो सांगू? तेव्हा, त्या आठवड्यात, तो तक्ता तू मला दाखवला असतास, तर मी आधी 'तुळस'कडेच पाहिलं असतं. तू बरोबर ओळखलं होतंस.

सुमननं पुन्हा विचारलं, टाकू का. मी म्हटलं, नाही.

रेवा, ईशान, तुमची आजी नीटनेटकी आहे असं सगळे म्हणतात. त्या नीटनेटकेपणात काय काय कचऱ्यात जातं, ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी हे लिहिलं. पूजा आता मोठी झाली असेल. कुठं असेल मला माहीत नाही, आणि मी शोधायला निघणारही नाही, उगाच खोटं सांगत नाही. शोकसभेत मला जो शब्द पाठवता आला नाही तो 'दगड' होता, तेव्हा तो मला फक्त माझ्या चुकीचा वाटला होता, तुझ्याविषयीचाही तोच, हे तक्ता पाहून कळलं, शकू.

तक्ता आता माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरला आहे, जिथं मी तो केला होता तिथंच. मघाशी मी 'दगड'वर हात ठेवला, तू सांगायचीस तसा, सगळा तळवा टेकवून. नऊ वर्षांनीही कोळसा हाताला लागतो. नळ चार पावलांवर आहे. मी उठले नाही. तसंच लिहीत बसले, म्हणून या पानांच्या कडेला काळे डाग पडले आहेत. स्वच्छ प्रत काढणार नाही. मुलांना हीच पाठवते.